डाव्या खांद्यामागे

६ जुलै २०२५, रविवार

देवनागरीत लिहितो आहे, कारण या घरात ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. आत्या मराठीत बोलते, मराठीत भांडते, पण वाण्याची यादी तमिळ अक्षरांत लिहिते. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली तेव्हा मी ही लिपी धड शिकलो. त्या नोकरीतून हातात राहिलं ते एवढंच. वही टीपॉयवर उघडी टाकली तरी कुलपात असल्यासारखीच.

आज पहिली चाचणी घेतली आणि पहिल्याच दिवशी वीट आला.

मार्चमध्ये चेन्नईची नोकरी सुटली. बायको नित्या तिथे शाळेत शिकवते, मुलगी दहावीत, म्हणून त्या दोघी तिकडे आणि मी इथे तंजावूरला गंगाबाई आत्याकडे. आत्या चौऱ्याहत्तरची. पन्नास वर्षं हरिकथा करते. आमच्या पणजोबांनी रचलेली एक पूरकथा आहे. कावेरीला महापूर येतो, तिरुवैयारुच्या घाटावर एक म्हातारा नावाडी दिवा धरून बसतो, आणि त्या दिव्याच्या रोखानं लोक काठाला लागतात. निरूपण तमिळमध्ये, पदं मराठीत. दरवर्षी तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, लोक कावेरीची पूजा करतात तेव्हा, ती गायची. कागदावर ती कुठेच नाही, कारण पणजोबांचा हुकूम होता की कथा कानातून कानात जावी. आता ती एकट्या आत्याला येते. यंत्रात भरायला मात्र ती चटकन तयार झाली. म्हणाली, "यंत्रालाही कान असतो की रे."

तर ३ ऑगस्टला ती मी लॅपटॉपवरून थेट दाखवणार. बेंगळुरू, सिंगापूर, न्यू जर्सी, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथली तीनशे घरं बघणार आहेत. माझी नोकरी गेल्यावर ज्यांनी फोन करून हळहळ व्यक्त केली ती सगळी त्यात आहेत. कथा मध्ये एकदाही अडकता कामा नये.

आज पाच मिनिटं गाणं भरलं. त्यात सोळा वेळा कट्-कट् आवाज. दोनदा चित्र थिजलं, आत्या तोंड उघडं ठेवून गोठलेली. दोष कॅमेऱ्याचा नाही, माइकचाही नाही. लॅपटॉप माझ्या पाठीमागे जे उद्योग करतो त्यांचा आहे. मी त्याला एक काम सांगितलं, तो अठरा करत बसतो. व्हायरस शोधतो, जुने फोटो लावतो, फायली कुठल्याशा ढगात चढवतो. सांगितलंय कुणी?

९ जुलै, बुधवार

चाचणी सुरू असताना पडद्यावर पाटी आली: अपडेट झालं आहे, आता मी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विचारलं नाही, कळवलं. आत्या गातेय, मणी मृदंग वाजवतोय, आणि समोर काळा पडदा. सत्तावीस टक्के. अठ्ठावीस टक्के. मणी तिरुवैयारुहून भर उन्हात टू-व्हीलरवर आला होता. तो हसला, त्याचाही राग आला.

अपडेट पाच आठवडे पुढे ढकललं. व्हायरस तपासणीला पहाटेची वेळ दिली. फोटोवालं काढूनच टाकलं.

१२ जुलै, शनिवार

आज वासुकीबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर पोटात ठसठसत राहील.

वासुकी आत्याच्या मागे धृपद धरते. राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या भावाचं शिवणकामाचं दुकान आहे. सहासष्ट वर्षांची बाई. पंधराव्या वर्षी माझ्या आजोबांकडे गाणं शिकायला आली ती हललीच नाही. आत्याच्या डाव्या खांद्यामागे इतकी खेटून बसते की चित्रात आत्याला दोन डोकी दिसतात. दिवसभर पान चघळते. माइकच्या स्पंजवर तिचे लाल शिंतोडे उडतात, ते मी डेटॉलच्या बोळ्यानं पुसतो आणि पुसताना मळमळतं.

पण तेही चाललं असतं. ती पुटपुटते. आत्याचं एक पद संपून दुसरं सुरू होण्याआधी, निरूपणाच्या मध्ये, सारखी खालच्या आवाजात पुटपुट पुटपुट. जप करते की आत्याच्या कागाळ्या करते, देव जाणे. हेडफोनमध्ये ते ऐकलं की कानात मुंगी शिरल्यासारखं होतं. आज माझा तोल गेला.

"वासुकी, तोंड बंद ठेवायचं काय घ्याल?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

आत्या घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मग वासुकी तिच्या कानाशी लागून पुन्हा पुटपुटलीच. बेशरमपणाची कमाल आहे.

१५ जुलै, मंगळवार

आज माझाच गाढवपणा. टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो. चालू असलेल्या कामांची यादी बघून शिसारी येते, कपाट सरकवल्यावर मागे झुरळं दिसावीत तसं. एकेकाला ठार करत गेलो. एक अनोळखी नाव होतं, सारखं वर-खाली होत होतं. तेही मारलं. आवाजच गेला. माइक नाही, स्पीकर नाही, काही नाही. तो सगळा आवाज तेच सांभाळत होतं, आणि मला वाटलं खातंय.

तासभर गेला. धडा: ओळख नसेल त्याला हात लावायचा नाही. आधी बघायचं, ते कुणासाठी राबतंय. मागच्या पानावर यादी केली आहे, प्रत्येकापुढे त्याचं काम लिहून.

१९ जुलै, शनिवार

यंत्र सुधारलं. प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅमला वरचा मान दिला, बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. वीस मिनिटांत एकदाच कट् झालं.

माणसं मात्र सुधारत नाहीत. आत्यानं सकाळी विचारलं, "कॉफी घेतलीस का?" म्हटलं घेतली. टंबलर माझ्या हातात होता. पाच मिनिटांनी पुन्हा, "कॉफी घेतलीस का?" चार महिने मी फुकट खातोय हे असं सुचवायचं. दुपारी मला "वासुदेवा" म्हणून हाक मारली. वासुदेव माझे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली. वडिलांची सर मला नाही, हे मला ठाऊक आहे. रोज ऐकवायला नको.

नित्याचा फोन आला होता. म्हणाली, "आत्यांना एकदा डॉक्टरला दाखवून आण ना."

"कशाला? ठणठणीत आहे. टोमणे मारायला ताकद लागते," मी म्हटलं.

२३ जुलै, बुधवार

बैठक बदलली. आत्या एकटी मधोमध. डाव्या खांद्यामागे जिथे वासुकी बसायची तिथे पितळी समई ठेवली, चित्र एकदम घरंदाज दिसतं. वासुकीला दहा फूट लांब, खिडकीपाशी, मणीच्या बाजूला. तिला वेगळा माइक. आत्याच्या डाव्या कानात छोटा इयरफोन, त्यातून तिला मागचं धृपद ऐकू येईल.

केवढा गहजब! मणी म्हणाला, "मागचीनें डाव्या खांद्यामागेंच बसावें. आजोबांच्या वेळेपासून तसेंच आहे."

"आजोबांच्या वेळी वीजही नव्हती," मी म्हटलं.

वासुकीनं इयरफोन बोटांत धरून उलटसुलट बघत विचारलं, "मी इकडून जें बोलेन, तें सगळें अक्काला ऐकूं येईल? हळू बोललें तरी?"

"सगळं येईल. श्वाससुद्धा."

तिनं आत्याच्या कानात तो घालून दिला, खिडकीशी गेली, माइकला तोंड लावून काहीतरी म्हणाली. आत्या हसली आणि मान हलवली.

"शरी, बरें," वासुकी म्हणाली. "आतां हें बदलूं नको हां, तुळजा. असेंच ठेव."

"नाही बदलत," मी म्हटलं.

२७ जुलै, रविवार

संपूर्ण रंगीत तालीम. एक तास बावन्न मिनिटं, कट् एकदाही नाही. आत्या अशी गायली की मणीनं शेवटी मृदंग बाजूला ठेवून नमस्कार केला. लॅपटॉपमागचे सगळे चोर आता मला नावानिशी माहीत आहेत आणि आपापल्या जागी गप्प बसले आहेत.

राहिली ती पुटपुट. नव्या माइकवर तर ती जास्तच स्वच्छ येते; सुरू झाली की मी हेडफोन कानावरून सरकवतो, काय बोलते ते ऐकतही नाही. ती तीनशे घरांत जाणार या कल्पनेनंच अंगावर काटा येतो.

२ ऑगस्ट, शनिवार

तोडगा सापडला. प्रोग्रॅममध्ये एक गाळणी आहे. ठरलेल्या पातळीच्या वरचा आवाज आला की दार उघडते, खालचा आला की लावून घेते. वासुकीच्या माइकवर ती बसवली. धृपद म्हणेल तेव्हा ऐकू येईल, पुटपुटेल तेव्हा शांतता. इतकं सोपं होतं!

इयरफोनलाही हाच गाळलेला आवाज जातो, म्हणजे आत्याच्या कानालाही जरा विश्रांती. वासुकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा आजोबा निघाले असते.

३ ऑगस्ट, रविवार, सकाळी

गल्लीत पहाटेपासून लगबग. बायका नदीवर निघाल्या आहेत, घराघरांतून लिंबूभात आणि चिंचभाताचा वास. आत्या नऊवारी नेसली आहे, वासुकीनं निऱ्या घालून दिल्या. लॅपटॉप सकाळीच बंद करून चालू केला, यादी दोनदा तपासली. आज कुणाची हिंमत नाही मध्ये यायची.

४ ऑगस्ट, सोमवार

लॅपटॉपनं काल एकही चूक केली नाही. हे आधी लिहून टाकतो. एक फ्रेम गळली नाही, एक कट् नाही. पडद्यावर शेवटपर्यंत हिरवा ठिपका होता.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. नमन, गुरुवंदना, कावेरीचं वर्णन. मग मला दिसलं की आत्या प्रत्येक पदाआधी डावीकडे मान वळवतेय. तिथे समई. ती समईकडे बघायची, कानातल्या इयरफोनला बोट लावायची, पुन्हा समोर बघायची. मला वाटलं, कानात टोचतंय. खुणेनं सांगितलं की हात लावू नकोस, चित्रात वाईट दिसतं.

मग पूर आला. म्हणजे कथेत. नावाडी घाटावर बसलेला, आणि तिथे सगळ्या कथेचा जीव असलेली साकी आहे:

पाणी चढले घाटावरती, दिवा तरी ना विझला,
कोण म्हणाले, नावाडी तो कधीच गेला निजला.

"पाणी चढलें," आत्या म्हणाली आणि थांबली. "पाणी चढलें." मणीनं ठेका धरून ठेवला. एक आवर्तन, दोन, चार. आत्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खिडकीपाशी वासुकी माइकला चिकटून बोलत होती, मानेच्या शिरा ताणून. माझ्या हेडफोनमध्ये शांतता. गाळणीचं दार बंद होतं. मी बंद केलेलं.

आत्यानं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. म्हणजे माझ्याकडे.

"अप्पा कुठें आहेत?" तिनं विचारलं.

तिचे अप्पा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन चाळीस वर्षं झाली. तीनशे घरांनी ऐकलं.

प्रक्षेपण थांबवायचं की गाळणी काढायची, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. इतक्यात वासुकी उठली. गुडघ्यांवर हात रोवून, कण्हत, कॅमेऱ्यासमोरून आडवी चालत आली. समई उचलून बाजूला ठेवली, आत्याच्या डाव्या खांद्यामागे बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "दिवा तरी ना विझला, अक्का. दिवा तरी ना विझला."

आत्या हसली. आणि गायली.

पुढचा सव्वा तास असाच गेला. वासुकी आधी ओळ सांगायची, मग आत्या ती गायची. निरूपणाचीसुद्धा प्रत्येक सुरुवात वासुकीची. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती मोठ्यानंच बोलत होती. म्हणजे कथा दोघींना येत होती, आणि मी गेला महिना या वहीत काय काय लिहून ठेवलं आहे!

मणी मृदंगावर खोळ चढवताना म्हणाला, "अक्का विसरायला लागून चार वर्षें झालीं. दोघींनी कोणाला कळूं दिलें नाहीं. अक्काला एकच भीती होती, लोकांना दिसेल ही." खोळीची नाडी ओढत म्हणाला, "तूं घरांत राहतोस. मला वाटलें तुला ठाऊक असेल."

आपल्या माणसांच्या ग्रुपवर निरोपांची रास पडली आहे. उघडलेले नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रक्षेपणात आवाज गाळला जातो, पण लॅपटॉप प्रत्येक माइकचा मूळ आवाज वेगळा साठवतो, न गाळता. मीच तसं लावलं होतं आणि विसरलो होतो. आज दुपारी वासुकीचा आवाज तेवढा लावून बसलो.

३ ऑगस्ट, सुरुवातीच्या आधी: "अक्का, आज आडी अठरा. आपल्या घरींच आहोंत. समोर तुळजा आहे, वासुदेवाचा मुलगा. मृदंगावर मणी. भिऊं नको, मी इकडे खिडकीशीं आहें." मग पहिल्या पदाची पहिली ओळ. मग दुसऱ्याची. आणि साकीपाशी, सतरा वेळा, घसा बसेपर्यंत, "दिवा तरी ना विझला, दिवा तरी ना विझला." ओरडली का नाही? ओरडली असती तर तीनशे घरांना कळलं असतं. शेवटपर्यंत ती आत्याची लाज राखत होती आणि माझं दार बंद होतं.

मागचं काढलं. ९ जुलै, लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर: "तो काळा पडदा यंत्राचा होता, अक्का. तुझ्या डोळ्यांना कांहीं झालें नाहीं."

१२ जुलै. आधी माझा आवाज, लांबून आलेला, तोंड बंद ठेवायचं काय घ्याल. हा आवाज माझा आहे हे मान्य करायला वेळ लागला. इतका ओंगळ आवाज मी कुठल्या माइकवर ऐकलेला नाही. मग वासुकी, अगदी जवळून:

"नाहीं गं, तुझ्यावर नाहीं. माझ्यावरही नाहीं. यंत्रावर चिडतो तो. चांगला आहे."

हेडफोन काढून ठेवला. लाल शिंतोड्यांचा स्पंज समोर पडला होता. किळस आली, पण स्पंजाची नाही. मागच्या पानावर लॅपटॉपमधल्या एकेका क्षुद्र गोष्टीची यादी आहे, कोण कुणासाठी राबतं ती. वासुकीचं नाव त्यात नाही. आत्याचंही नाही. ते पान फाडणार होतो, पण फाडलं नाही. राहू दे, बघत जाईन.

९ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस हिंमत गोळा करून आज वासुकीच्या भावाच्या दुकानात गेलो. ती पायरीवर बसून ब्लाउजला हूक लावत होती. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, "चुकलं माझं. फार वाईट वागलो."

तिनं दोरा दातानं तोडला. "अक्का जेविली?"

"जेवली. तुम्ही आला नाहीत म्हणून विचारते सारखी."

"येतें. पण तूं आतां मागें बसायला शीक. मला सहासष्ट झालीं, मीही विसरेन एक दिवस. मग मला कोण सांगेल?"

"लिहून घेतो मी सगळं. देवनागरीत. नाहीतर तुमचा आवाज आहेच भरलेला."

"कागद आणि यंत्र तिच्या कानांत बोलणार आहे काय?" ती म्हणाली. "मागें बस आणि ऐक."

संध्याकाळी तिघं बसलो. कॅमेरा नाही, काही नाही. वासुकीनं मला आत्याच्या डाव्या खांद्यामागे बसवलं आणि स्वतः माझ्या मागे बसली. पानाचा वास थेट मानेवर येत होता. मळमळलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, पण हललो नाही. ओळ माझ्या कानात यायची, ती मी आत्याच्या कानात सांगायची. पहिल्याच पदात दोनदा चुकलो.

आत्यानं मान वळवली. "कोण रे तूं?"

मी वासुकीकडे बघितलं. ती सांगेना. हे तुझं तू सांग, असा चेहरा.

"तुळजा," मी हळूच आत्याच्या कानात म्हटलं. "वासुदेवाचा मुलगा. आपल्या घरीच आहोत."

"ठाऊक आहे की," आत्या म्हणाली. "यंत्रावर चिडतो तो. चांगला आहे."